जाकीटवाल्यांच्या गिटारला ताईने लावलेल्या तारा

माझी थोरली बहीण गिटारी दुरुस्त करते हे सांगितलं की शिक्षकखोलीत आधी सगळे हसायचे, आणि मग विचारायचे, "म्हणजे नक्की काय करते?" चिरलेलं लाकूड सांधते, वाकलेली मान सरळ करते, हे मी सांगायचे. पण लोक तिच्याकडे यायचे ते तारांसाठी. कुठल्या गिटारला कुठली तार, यात गेली सव्वीस वर्षं ताईचा शब्द शेवटचा होता. चष्म्याचं दुकान आणि इस्त्रीवाला यांच्यामधली एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, भिंतीला लाकूड घासायचं मशीन आणि तारांच्या पाकिटांनी गच्च भरलेलं कपाट, एवढाच तिचा कारखाना. वयानं मोठी असलेली माणसंही तिला ताईच म्हणायची.

तिचा कान हा आमच्या घराच्या अभिमानाचा विषय. फोनवर कुणी चार सूर वाजवले की ती म्हणायची, "तिसरी बदला, गंजलीये," आणि ती गंजलेलीच निघायची. तिचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, पोस्टात आहेत. ते म्हणायचे, "हिच्यापासून घरात काही लपवायची सोय नाही. मी कुठला डबा उघडला ते हिला अंगणात कळतं."

माझी शाळा दुपारी सुटते. घरी जाण्याआधी तासभर मी तिच्याकडे वह्या तपासत बसते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

जाकीटवाले हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बारा महिने अंगात बिनबाह्यांचं करडं जाकीट, म्हणून ताईनंच ठेवलेलं नाव. वय त्रेसष्ट. एका हॉटेलात रोज संध्याकाळी जॅझ वाजवायचे. त्यांची गिटार आर्चटॉप, म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची, दोन बाजूंना दोन वळणदार चिरा असलेली. तिच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. म्हणून ताई एक तार काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मगच पुढच्या तारेला हात लावायची.

तारांची गोष्टही सांगायला हवी. जाड तारांवर वेढण असतं. ते गोल तारेचं असेल तर आवाज खणखणीत निघतो, पण बोट सरकलं की किरकिर होते. सपाट पट्टीचं असेल तर तार काचेसारखी गुळगुळीत लागते, आवाज मऊ येतो, आणि बोट सरकल्याचा पत्ताही लागत नाही. जाकीटवाल्यांच्या गिटारला ताईनं वीस वर्षं सपाट वेढणाच्याच तारा लावल्या होत्या.

त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले. त्यांची मुलगी माणसाएवढा उंच, व्हायोलिनच्याच जातीचा उभा बास वाजवते. बाप-लेक मिळून आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग करणार होते, गुरुवारी.

"ताई, नव्या तारा घाला. नेहमीच्याच," ते म्हणाले.

ताईनं गिटार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "नेहमीच्या नकोत. याला आवाज म्हणतात? गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजतंय. गोल वेढणाच्या घालते."

"पण त्या किरकिरतात ना?"

"त्या पूर्वीच्या. हल्लीच्या तारा सुधारल्यात. वर्षभर मी सगळ्यांना त्याच घालतेय. जरासुद्धा किरकिर नाही."

तारा चढल्यावर त्यांनी वाजवून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली. "जरा कानाला टोचतंय का हो?"

"छे! आत्ता कुठे गिटार बोलायला लागलीये."

मला त्यात बरं-वाईट काही कळलं नाही. माझं लक्ष वह्यांत होतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, गिटार पेटीत ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या कानापुढे आमचे कान काय!"

सोमवारी ते परत आले. हातात गिटारची पेटी, सोबत मुलगी. तिनं आल्या आल्या मोबाइल ताईच्या स्पीकरला जोडला. "ताई, आमचं रेकॉर्डिंग ऐका जरा."

सूर सुरू झाले आणि माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. वादन सुरेखच होतं. पण दर दोन सुरांच्या मध्ये चर्रर्र, चर्रर्र. फळ्यावर आडवा खडू ओढावा तसं. मी एकवीस वर्षं शाळेत आहे, तरी अंगावर काटा आला.

ताई मान डोलवत होती. "वा! काय गोड आलंय!"



"ताई," मुलगी हळूच म्हणाली, "ती किरकिर..."

"कसली किरकिर?"

जाकीटवाल्यांना वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि ते मटकन खुर्चीत बसले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. आहे किरकिर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "आहे ताई. खूप आहे."

"तुम्ही तिघं ठरवून आलाय का?" ती हसली. तिनं जाकीटवाल्यांच्या मांडीवरची पेटी ओढून घेतली, गिटार बाहेर काढली आणि सगळ्यात जाड तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नख ओढलं. मुलीनं कानावर हात ठेवले. ताई आपल्या बोटाकडे बघत राहिली. पुन्हा ओढलं. मग आणखी जोरात.

"काहीच आवाज नाहीये," ती म्हणाली. "अगं, मला ती किरकिर ऐकूच येत नाहीये."

मी तिचा हात धरला.  ती रडली नाही, ओरडली नाही. नुसतं ते नख बघत होती, जणू दोष नखाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि भावोजी तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. काचेच्या खोलीत तिला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. आधी तिचा अंगठा पटापट चालला. मग तो थांबला आणि बराच वेळ हललाच नाही. ती मात्र लक्ष देऊन बसली होती, पेपर सोडवणाऱ्या हुशार मुलीसारखी. ते बघणं मला सहन होईना. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. रेघ सरळ चालली होती आणि अचानक जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. वरचे सूर गेले होते. "घरात, कामाच्या जागी मशीन वगैरे?" त्यांनी विचारलं.

"लाकूड घासायचं मशीन आहे. सव्वीस वर्षं."

"कानांत बोळे घालत होतात?"

"कानांत बोळे घातले तर ऐकू कसं येणार?" ताई म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून गप्प झाली.

 रिक्षात भावोजी म्हणाले, "वर्षभर कपडे धुवायचं मशीन टीं टीं करत असतं आणि ही उठत नाही. मी हिला आळशी म्हणून चिडवायचो. सगळे हल्ली पुटपुटतात म्हणून ही कुरकुरायची, तर मी म्हणायचो, म्हातारी झालीस." 

दोन दिवस ताईनं दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती टेबलाशी बसून कागदावर नावं लिहीत होती. वर्षभरात ज्यांना ज्यांना तिनं गोल वेढणाच्या तारा घातल्या होत्या ते सगळे, एकूण अकरा.

"काय करतेयस?"

"फोन."

"काय सांगणार?"

"खरं ते."

तिनं फोन स्पीकरवर टाकून पहिला नंबर लावला. ते संगीताचे मास्तर होते. "मास्तर, तुमच्या गिटारला मी चुकीच्या तारा घातल्या. माझे कान गेलेत, मला आत्ता कळलं. गिटार घेऊन या, बदलून देते." मास्तर चाचरत म्हणाले, "ताई, त्या मी आठवड्यातच काढून टाकल्या. तुम्हाला कसं सांगायचं कळेना."

दुसऱ्यानंही काढल्या होत्या. यादीतल्या पाचव्या बाईनं नवरा कटकट करायला लागला म्हणून काढल्या होत्या. अकरापैकी सातजणांनी तिच्या तारा गुपचूप उतरवल्या होत्या आणि त्यानंतरही दुकानात येऊन तिला "वा ताई" म्हणत होते.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. कान गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"सातजणांना माहीत होतं," ती म्हणाली. "एकानंही तोंड उघडलं नाही. इतकी का मी भयंकर बाई आहे?"

"भयंकर नाहीस. तुझं म्हणणं खोडायची कुणाची टाप नव्हती."

"मग तेच भयंकर," ती म्हणाली आणि तेव्हा ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, सगळी पाकिटं भिजेपर्यंत.

जाकीटवाल्यांचं रेकॉर्डिंग वाया गेलं होतं. ताई स्वतः त्यांच्या घरी गेली, मलाही नेलं. मुलीनं दार उघडलं. ताई उंबऱ्यातच म्हणाली, "माझ्यामुळे झालं. तुम्हाला टोचत होतं, तुम्ही म्हणालात, आणि मी उडवून लावलं."

जाकीटवाले म्हणाले, "माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि मी विश्वास तुमच्यावर ठेवला. निम्मी चूक माझी." मुलगी मात्र स्पष्ट बोलली, "मी तर चिडलेच होते ताई. अजूनही थोडी आहे." ताई म्हणाली, "असू दे. चिडच बरी."

तिथेच बसून तिनं एकेक तार बदलली. सपाट वेढणाची तीन प्रकारची पाकिटं आणली होती. प्रत्येक प्रकाराची एक जाड तार चढवायची आणि विचारायचं, "कशी वाटते?" सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. जाकीटवाल्यांना उत्तर देता येईना. सवयच नव्हती. शेवटी मुलगीच म्हणाली, "मधली. माझ्या बासला हीच जुळते." ताईनं मधलं पाकीट घेतलं आणि त्यातल्याच तारा चढवल्या.

दोन महिन्यांनी त्यांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. लोक चांगलं झालं म्हणतात. ताईला त्यातलं निम्मंच ऐकू येतं, आणि ती ते उघड सांगते. दुकान चालू आहे. काही गिऱ्हाइकं गेली, काही राहिली. मशीन सुरू करताना ती आता कानांवर जाडजूड टोप्या चढवते, त्यामुळे मी आले की मला तिच्या खांद्याला हात लावून सांगावं लागतं. दर वेळी ती दचकते आणि म्हणते, "अगं बाई, केव्हा आलीस?"