तांब्याच्या फुलपात्रातला गाळ

अबोलीनं रत्नप्रभाबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्वतःच्या साखरपुड्यात. वाढपी प्लास्टिकच्या ग्लासातून पाणी देत होता. होणाऱ्या सासूबाईंनी त्याला हातानंच थांबवलं, पिशवीतून झाकणाचा तांब्या काढला आणि त्यातलं पाणी शांतपणे प्यायलं. "तांब्याच्या भांड्यात काहीही ठेवा, शुद्ध राहतं," त्या शेजारणीला सांगत होत्या.

लग्नानंतर अबोली भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. तिचं संशोधन तलावाच्या गाळावर चाललं होतं. शहरातून वाहून आलेलं शिसं, जस्त, तांबं शेवटी तळाशी जाऊन बसतं. ते किती बसलंय, हे तिला मोजायचं होतं.

"लोक तलावावर हवा खायला जातात आणि तू चिखल आणायला!" रत्नप्रभाबाई म्हणत. पण ती येईपर्यंत जेवायच्या थांबत.

जूनच्या सुरुवातीला कॉलेजचा फ्रिज बिघडला. अबोलीनं शेवटचे नमुने घरी आणले आणि दह्याशेजारी ठेवले. पाऊस सुरू झाला की नाल्यांचा नवा गाळ येऊन मिसळणार, म्हणून हे त्याआधीचे नमुने तिला जिवापाड महत्त्वाचे होते. ते हुकले तर आणखी एक वर्ष थांबावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी, इंदूरला जाऊन संध्याकाळी परतली. ओट्यावर प्लास्टिकच्या डब्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. तिनं घाईनं फ्रिज उघडला. आत पंगतीची तांब्याची फुलपात्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येकात गाळ, वर बशी आणि बशीवर डबीवरची तिचीच चिठ्ठी, न चुकता, ज्याची त्यावर.

"प्लास्टिकमध्ये वास मारत होता गं," रत्नप्रभाबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "म्हटलं, तुझं काम चांगल्या भांड्यात असावं. चिंचेनं घासून घेतली सगळी."

अबोली खाली बसली. "आई, या गाळात तांबं किती आहे, तेच तर मोजायचं होतं."

रत्नप्रभाबाईंना समजायला एक क्षण लागला. "म्हणजे मी पेपरच फोडला की!"

अबोलीला रडू येत होतं, तरी हसू फुटलं.

"आभाळ भरलंय," रत्नप्रभाबाई खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या. "उद्या पहाटेच जाऊ. मीपण येते."

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना?"

"वाटते. म्हणून काय तू एकटी निस्तरणार?"

एवढी वर्षं भोपाळमध्ये काढूनही त्या कधी नावेत बसल्या नव्हत्या. सकाळी पदर खोचून बसल्या त्या एका हातानं नावेची कड आणि दुसऱ्या हातानं अबोलीचा दंड धरून.

"अम्मा, कीचड़ का अचार डालोगी क्या?" नावाडी मोहननं विचारलं.

"अचार नहीं रे. परीक्षा है इसकी. पिछली बार मैंने नापास कराया."

पहिला गाळ वर आला तेव्हा त्यांनी दंड सोडला, डबी धरायला हात पुढे केला आणि मध्येच थबकल्या. सांधेदुखीसाठी घातलेली बोटातली अंगठी ओढून काढून त्यांनी कनवटीला लावली. "हीपण तांब्याचीच."

नाव परत काठाला लागली, तेव्हा भदभदा रोडच्या बाजूला वीज चमकत होती. पाऊस दुपारी आला. तोवर सगळ्या डब्या दह्याशेजारी पोचल्या होत्या.

अबोलीचा प्रबंध मागच्या वर्षी मंजूर झाला. ती अजूनही तलावावर जाते आणि रत्नप्रभाबाई अंगठी घरी ठेवून तिच्याबरोबर नावेत बसतात. प्यायचं पाणी मात्र तांब्याच्या तांब्यातूनच नेतात.