मुकी कलिंगडं

माझे सासरे घड्याळजी. घड्याळ उघडण्याआधी ते कानाला लावायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगून मोकळे व्हायचे. दुकान बंद केल्यावर त्या कानाला काहीतरी काम हवं, म्हणून त्यांनी कलिंगडं धरली. टिचकी मारायची, डोळे मिटायचे, निकाल द्यायचा. "हे टणटण करतंय, कच्चं आहे. ते घे, खालच्या आवाजात बोलतंय." घरी आणून कापलं की लालबुंद. शेजारच्या बायका त्यांना मोठ्या मानानं बाजारात न्यायच्या आणि येताना पिशव्याही त्यांच्याच हातात द्यायच्या.

मग कलिंगडं फिकी निघायला लागली. सासऱ्यांनी आधी उन्हाला दोष दिला, मग बियाण्याला, मग फळवालीला. शेवटी जाहीर केलं, "आजकालची कलिंगडं मुकी झालीत." टीव्हीसुद्धा म्हणे तोंडातल्या तोंडात बोलतो. खालच्या मजल्यावरचे लोक तेव्हा आपला टीव्ही बंद ठेवून आमच्या टीव्हीवर बातम्या ऐकत होते.

"बाबा, एकदा कान दाखवून घेऊ," असं माझ्या नवऱ्यानं म्हटलं की ते भडकायचे. "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्ही नीट तोंड उघडून बोलत जा."

सासूबाईंनी मात्र या काळाचं सोनं केलं. लग्नापासून मनात साचलेलं सगळं त्या भांडी लावता लावता, सासऱ्यांच्या पाठीमागे बोलून घेत. मीही कान देऊन ऐकायचे, शिकण्यासारखं बरंच होतं.

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला सासऱ्यांनी निवडून आणलेलं कलिंगड कापलं, तर आत दुधी भोपळा. पाहुण्यांनी "गोड आहे हो" म्हणत ते गिळलं. सासरे उठून आत गेले. एरवी त्यांच्या हट्टाचा मला राग यायचा, त्या दिवशी मात्र फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेच मला म्हणाले, "चल, बाजारात जाऊ."

त्यांना बघून फळवालीनं कपाळाला हात लावला. त्यांनी एकेक कलिंगड वाजवून पाहिलं, मग त्यातलं एक उचलून माझ्या कानाशी धरलं आणि टिचकी मारली.

"काय ऐकू येतं?"

"बद्द असा आवाज येतोय."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

त्यांनी ते हळूच खाली ठेवलं. "मला काहीच येत नाही गं," ते म्हणाले.

कानाचं मशीन घ्यायला ते मलाच सोबत घेऊन गेले. सासूबाईंना सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. मशीन लावून स्वारी तिथून तडक फळवालीकडे. पहिल्याच टिचकीला त्यांचा चेहरा उजळला. "बोलतंय."

फळवाली शेजारच्या भाजीवालीच्या कानात कुजबुजली, "आले हे ठोकायला. आता संध्याकाळपर्यंत हलत नाहीत."

"हलतो की. एवढं दे, लगेच हलतो," सासरे म्हणाले. तिनं घाबरून कलिंगड वजन न करताच पिशवीत घातलं.

रात्रीच्या जेवणात ते म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

सासूबाई पाठमोऱ्याच पुटपुटल्या, "कान तर गेलेच, आता जीभही निघाली वाटतं."

"कान परत आलेत," सासरे म्हणाले.

सासूबाईंच्या हातातला डाव हवेतच राहिला. माझ्या नवऱ्याला ठसका लागला. आता मागचं सगळं उकरलं जाणार, म्हणून मी जरा सरसावून बसले. पण सासरे ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "एवढं बोलत होतीस होय? मला वाटलं, तू माझ्याशी बोलणंच सोडलंस."

सासूबाईंनी कलिंगड पुढे ओढून कापलं. आत लालबुंद होतं. मधला, एकही बी नसलेला तुकडा त्यांनी सासऱ्यांच्या ताटात ठेवला आणि ठेवता ठेवता अगदी हळू काहीतरी बोलल्या. मी शेजारीच बसले होते, कान टवकारले, तरी मला एक अक्षर कळलं नाही.

सासऱ्यांना कळलं. ते चक्क लाजले.