चार बोटं कमी

आमच्या भागातल्या साखर कारखान्याने उसाच्या चिपाडावर वीज तयार करायला घेतली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. ती वीज जुन्या लाइनला पेलणार नव्हती, म्हणून कारखान्यापासून गडहिंग्लजच्या बाजूला उंच मनोऱ्यांची नवी लाइन निघाली. कॉलेजने मला सुट्टीत तिथल्या ठेकेदाराकडे शिकाऊ म्हणून पाठवले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील त्याच कामावर मनोऱ्यांच्या पायाचे खड्डे काढत होते. हे मी कोणाला सांगितले नाही. लपवले असेही नाही. कोणी विचारले नाही, एवढेच.

एकदा जेवताना वडिलांनी गंमत सांगितली होती. "खाली काळा फत्तर लागला की पहार नुसती उडती. मग वर काढल्याली माती कडंला चांगली चोपून बसवायची आन् टेप तिथनं सोडायचा. साहेब काय जमिनीला इचारतोय व्हय?" आई हसली. मीही हसलो.

आठवड्याने ठेकेदाराचे साहेब खड्डे तपासायला आले. एका मनोऱ्याचे चार खड्डे होते. पहिल्याच्या काठावरून टेप सोडून ते म्हणाले, "तीन मीटर. काँक्रीट भरा." मी शेजारी वही घेऊन उभा होतो. मी म्हणालो, "सर, टेप मूळ जमिनीपासून धरायला हवा ना? ही वरची माती मोकळी आहे."

पुस्तकात तसेच होते. आपण कामाचे बोलतोय, असे मला खरेच वाटले.

साहेबांनी काठावर बूट मारला. माती ढासळली. पुन्हा मोजले, तर खड्डा दीड वीत कमी. साहेब खूश झाले. "कुणी शिकवलं रे हे तुला?"

मुकादम आमच्या शेजारच्या गावचा, त्याला सगळे ठाऊक होते. "त्याच्या बापानं, साहेब. त्यो काय, खड्ड्यात हुबा हाय."

साहेबांनी वाकून खाली पाहिले. "वा! बाप खाली आणि पोरगा वर!" सगळे हसले. खालून वडीलही हसले, साहेब हसत होते म्हणून.

चारही खड्डे कमी निघाले. संध्याकाळपर्यंत ते पुरे करा, असे सांगून साहेब पुढच्या मनोऱ्याकडे गेले. मुकादमाने गड्यांना खाली बसवले. "ज्याचं तोंड सैल, त्यो खणंल."

वडील एकटे खणत राहिले. गडी काठावर भाकरी खात बसले. "इंजिनेराच्या बा, नीट खण की! पोरगं नापास करंल." एकाने खरकट्या हाताचे पाणी खाली झटकले. मी पहार घ्यायला वाकलो, तर मुकादम म्हणाला, "पावणं, तुमी टेप धरा. तुमचं काम त्ये."

मी टेप धरला.

तीन खड्डे पुरे झाले. दिवस मावळायला आला तेव्हा वडील चौथ्यात होते. तळवे फुटून पहार ओली झाली होती. "मोज," ते म्हणाले. दिवसभरात माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी मोजले. चार बोटं कमी होती. साहेब परत आले होते. जीपमधूनच त्यांनी विचारले, "किती?"

वडिलांनी मान वर केली नाही. पुरे आहे म्हणायचे मी ठरवले होते, असे मला अजून वाटते.

"चार बोटं कमी," मी म्हणालो.

सकाळी मी पुस्तकामुळे बोललो होतो. आता भीतीने बोललो.

"ह्याला उद्यापासून आणू नकोस," साहेब मुकादमाला म्हणाले. "दुसरा गडी बघ."

घरी आईने वडिलांचे हात पाहिले आणि काय झाले म्हणून विचारले. ते म्हणाले, "पोरगं लई हुशार निघालं. बापालाबी सोडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मला शिकाऊपणाचा दाखला हवा होता. त्या खड्ड्यात एक तरणा गडी उतरला होता. तेवढा फत्तर त्याने तासाभरात फोडला. मी मूळ जमिनीपासून टेप सोडला आणि वहीत लिहिले : खोली पूर्ण.