वायरमनच्या घरातला फ्यूज

अवसरी बुद्रुकचा राजरत्न आयटीआय करून १९९४ साली वायरमन झाला आणि तेव्हापासून एकच हेका धरून बसला. फ्यूजमध्ये बारीक तारच घालायची. गावाची रीत उलटी. मोटरचा फ्यूज दोनदा उडाला, की लोक केबलमधल्या तारा उपसायचे, चांगला जाडजूड पीळ घालून फ्यूजमध्ये ठोकून द्यायचे, आणि वर म्हणायचे, "आता उड म्हणावं!"

राजरत्न तो पीळ काढून टाकायचा. बागायतदार गेणभाऊंनाही त्यानं सुनावलं होतं, "भाऊ, फ्यूज जळला म्हंजी त्यानं त्याचं काम केलं. त्यो न्हाई जळला, तर मोटर जळंल." गेणभाऊंना कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती, पण याचं ऐकायचे. त्यानं जोडलेली मोटर जळत नसे, हे साऱ्या शिवाराला माहीत होतं.

२००२ सालच्या हिवाळ्यात एका दुपारी तो नारायणगावहून सामान घेऊन लवकर घरी आला. दारातच तापलेल्या वायरचा वास नाकात शिरला. आत त्याची आई द्रौपदाबाई गोधडी धुवायला बादलीत हीटर सोडून बसली होती, आणि पाणी कितपत तापलं ते बघायला हात पुढे करत होती.

"हात लावू नको!" ओरडतच त्यानं मेन स्विच खाली ओढला.

फ्यूज उघडला, तर आत तोच जाडजूड पीळ. मागच्या वायरचं आवरण वितळून तार उघडी पडलेली. घराची वायरिंग त्याचीच. लोकांच्या कामातून उरलेले ॲल्युमिनियम वायरचे तुकडे जोडून केलेली, दिव्या-पंख्यापुरती.

"कुणी घातली ही तार?"

"मीच," द्रौपदाबाई म्हणाली. "मागल्या म्हैन्यात फ्यूज गेला म्हून तुला मळ्यात बोलवाया आले व्हते. तर तू चार माणसांत खेकसलास, एवढ्याशा कामाला हाका मारू नको म्हून. पुन्यांदा गेला, तवा शेजारची ठकूबाई म्हनली, वायरमनच्याच घरात अंधार. लई लागलं मनाला. मग लोक घालत्यात तशी मी बी घातली."

आठ वर्षं साऱ्या गावाला सांगितलेली गोष्ट राजरत्नानं आईला एकदाही सांगितली नव्हती.

"अन् ह्यो हीटर?"

"तुला पहाटं निघायचं असतंय. चूल पेटंस्तवर उशीर व्हतो. दिवाळीपासनं त्याच्यावरच तर तापवते तुजं पाणी."

रोज पहाटे कढत पाण्याची बादली तयार असायची. ते पाणी कशावर तापलं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला. लाज वाटली, आणि आई समोर धडधाकट उभी आहे म्हणून रडूही आलं.

मंचरला एक काम ठरलेलं होतं. तिथं त्यानं आज येत नाही म्हणून निरोप धाडला. उन्हं कलेपर्यंत त्यानं हीटरसाठी तांब्याची जाड वायर ओढली, वेगळा फ्यूज बसवला, अर्थिंग केलं. मग आईला शेजारी बसवून तार घालायला शिकवलं. आधी मेन बंद, मग एकच बारीक तार. तिनं तीनदा घालून दाखवली, तिसऱ्यांदा न बघता.

"अन् ह्यो पुन्यांदा गेला तर?" तिनं विचारलं.

"मला हाक मार. कुठं बी असलो तरी येतो."

तिला आता सगळं येत होतं. तरीही ती म्हणाली, "मारीन."