हलक्या हाताचा दवाखाना

दवाखान्यात दहा वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला तरी नेतो. किस्से घरात सांगायला गेलं तर बायको म्हणते, "हे तं मागच्या दिवाळीत बी सांगतलं." म्हणून तुमच्यासारखे नवे कान सापडले की मी सोडत नाही.

काळ दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधीचा. आमचा वऱ्हाड तेव्हा सीपी-बेरार प्रांतात. म्हणजे राजधानी नागपूरची आणि तोरा आमचा. अमरावतीत एक डॉक्टर विलायतेहून परत आले. लोक येताना घड्याळ आणतात, सूट आणतात. यांनी मालिश आणली!

म्हणायचे, "अंगात रक्तासारखंच आणखी एक पाणी फिरतं. त्याला लिंफ म्हणतात. ते तुंबलं की सूज येते. हलक्या हातानं नुसती कातडी सरकवली की त्याला वाट मिळते."

मी तेव्हा आखाड्यात पहिलवानांना मालिश करायचो. माझ्या हाताखालून गेलेला गडी दोन दिवस कण्हायचा आणि तिसऱ्या दिवशी खुशीनं परत यायचा. डॉक्टरांनी मला बोलावलं, बाही वर केली आणि म्हणाले, "दाखव." मी दाखवलं. पुढचे चार दिवस त्यांनी प्रिस्क्रिप्शन डाव्या हातानं लिहिलं.

मग त्यांनी माझ्या दंडावर बोटं ठेवली. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ झाला.

"साहेब, सुरू कधी करता?"

"झालं," डॉक्टर म्हणाले.

* * *

माझा हात हलका व्हावा म्हणून डॉक्टरांनी युक्ती काढली. ताजा लाटलेला ओला पापड पाटावर पसरायचा, त्यावर बोटं ठेवायची आणि तो सरकवायचा. फाटला तर नापास. मी चार महिने पापड फाडले, महाराज. आखाड्यातले दोस्त विचारायचे, "काय शिकून राहिला रे?" काय सांगणार? मी म्हणायचो, डाक्टरी.

डॉक्टरांची बायको, आमच्या डॉक्टरीणबाई, अकोल्याच्या. एक दिवस लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "विलायतेत बी असेच पापड फाडत होते काय तुमी? का ते शास्त्र माह्याच उडदाच्या डाळीसाठी ठेवलं होतं?"

डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यांना उत्तर सुचलं नाही की ते इंग्रजीत बोलायचे.

* * *

पहिलं मोठं गिऱ्हाईक तेल्हाऱ्याचे एक देशमुख. दिवसभर गादीवर बसून पायावर सूज आलेली. मी तासभर पाय केले. देशमुख घोरत होते. उठले, पाय पाहिले, सूज उतरलेली, जोडा आपोआप पायात गेला. तरी तोंड वाकडंच.

"कावून हो पहिलवान, मालिश झाली म्हनता? आंग तं कुठंच दुखून नाई राहिलं."

माणूस नाराज होऊन गेला तर तेल्हाऱ्यात आमची काय अब्रू राहील? मी त्यांना पालथं केलं आणि पाठीवर चार सणसणीत थापा हाणल्या. आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"हां, आता झाली," देशमुख म्हणाले आणि समाधानानं टांग्यात बसले.

आतून डॉक्टर आले. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"हे आमच्या पुस्तकात हाये, साहेब."

त्या दिवसापासून तेल्हाऱ्याच्या पेशंटला शेवटी चार थापा, असा रिवाजच पडला. डॉक्टर तेवढा वेळ हात धुवायला जायचे.

* * *

आता सोनाबाई. मोर्शीच्या रस्त्याला नामदेव माळ्याचा फुलांचा मळा होता. सोनाबाई त्याची बायको. फुलं तोडताना गुलाबाचा काटा बोटात गेला, ताप आला, बोट पिकलं. ताप गेला, पण उजव्या हाताची सूज काही गेली नाही. हात सुजला तेव्हा बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. त्याला दोन वर्षं झाली होती. डाव्या हातात बांगड्या, उजवा हात मोकळा. बायका कशा असतात, माहीत आहे ना? हळदीकुंकवाला कोणी बोलवेना. मागून नाव पडलं, अर्धी सवाशीण.

आणि वैशाखात पोरीचं, शेवंताचं लग्न. लग्नाची हळद जात्यावर सवाशिणींनी दळायची, आणि मुलीच्या आईचाच हात मोकळा. सोनाबाईच्या सासूनं सांगूनच टाकलं होतं, "तिच्या काकूचा हात लागंल हळदीले. तू आंदर बस."

सोनाबाई डॉक्टरांना म्हणाली, "हातात बांगडी जाईल काय, तेवढं सांगा. जात नसंल तं तसं सांगा. उगाच आशा लावू नका."

डॉक्टरांनी शिंप्याची टेप लावून हात मोजला. म्हणाले, "रोज मालिश, वरून पट्टी, आणि जखम होऊ द्यायची नाही. प्रयत्न करू."

प्रयत्न ठीक, पण करणार कोण? डॉक्टरांना रोज तेवढी सवड नव्हती आणि परक्या बाईला मी हात लावणं शक्य नव्हतं. लावला असता तर मळ्यातून अंगभर सूज देऊनच मला पाठवलं असतं. मालिश शिकायला बाई मिळेना. शेवटी असं ठरलं की डॉक्टर माझ्या हातावर दाखवणार, मी नामदेवच्या हातावर आणि नामदेव घरी सोनाबाईच्या हातावर. विलायतेची विद्या अशी बदल्या करत करत मळ्यात पोचणार होती.

* * *

त्याच दिवसांत अकोल्याचे एक वकील पायाच्या सुजेसाठी यायचे. ह्या मालिशीची सुरुवात मानेपासून करतात, सूज कुठंही असो. मी मानेला हात लावला तसे वकीलसाहेब ताडकन उठून बसले.

"थांबा. मॅटर पायाचं आहे. मानेला इथं ज्युरिस्डिक्शन काय?"

डॉक्टरांनी लिंफ समजावलं. वकिलांनी उलटतपासणी घेतली. अर्धा तास दोघंही इंग्रजीत. पाय तसाच सुजलेला.

नामदेव कोपऱ्यात त्याचा धडा घ्यायला बसला होता. तो हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, मोटेचं पानी सोडाच्या आधी आमी दांडाचं, मंजे पान्याच्या नालीचं, शेवटचं टोक मोकळं करतो. तिथं गाळ राहिला अन् इकून पानी सोडलं तं दांड फुटते. पानी जिथं जाचं, ती जागा आधी मोकळी करा लागते."

वकीलसाहेब आडवे झाले. "चालू द्या," म्हणाले.

डॉक्टरांनी हेच शिकायला विलायतेत किती वर्षं घालवली, ते मी विचारलं नाही.

* * *

नामदेव तीन दिवसांत शिकला. मला चार महिने लागले होते! जळलोच मी, खोटं कशाला बोलू? पण त्याचं जन्मभराचं काम मोगऱ्याच्या कळ्या खुडायचं, डाग न पडू देता. त्याच्या बोटांना पापडाची गरजच नव्हती.

महिन्याभरात टेप एक बोट मागं आली. आणि तेवढ्यात गावाला कळलं. नवरा बायकोचा हात चोळून देतो! पारावरून हाका सुरू झाल्या, "काय नामदेवा, आज हात की पाय?" घरात बुढीनं, म्हणजे त्याच्या आईनं, धुऊन वाळत घातलेल्या पट्ट्या उकिरड्यावर फेकल्या. "सात पिढ्यांत कोनं बायकोचे हात दाबले नाईत."

नामदेवनं मालिश सोडली. आठ दिवसांत हात पुन्हा होता तसा. मी सायकल हाणत मळ्यात गेलो. नामदेव मान खाली घालून गवत काढत होता. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"मी आखाड्याचा गडी. चार महिने बाईमानसाच्या पाटावर पापड सरकवत बसलो. मले लाज नाई वाटली. तुले स्वतःच्या बायकोच्या हाताची लाज वाटते?"

सोनाबाई मागं उभी होती. ती म्हणाली, "त्याहिले बोलू नका. लोकं त्याहिले बोलतात, मले नाई."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मळ्यातल्या झोपडीत मालिश सुरू झाली. घरी फक्त पट्टी दिसायची. विचारलं तर सोनाबाई सांगायची, काटा लागला.

* * *

लग्नाच्या चार दिवस आधी नामदेवच्या घरी कासार आला. मी मांडवाच्या कामाला गेलो होतो, म्हणून पाहायला मिळालं. अंगणात सगळ्या बायका, हळदीचं जातंही मांडलेलं. शेवंताचा चुडा भरून झाला. मग सोनाबाईनं पट्टी सोडली आणि उजवा हात पुढं केला.

पहिली बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. कासारानं हात दाबला. तरी अडलेलीच. त्यानं आणखी जोर लावला तशी सोनाबाईनं डोळे मिटले. काकू पुढं सरकून बसली.

नामदेव दारातून म्हणाला, "दादा, जोर नका लावू. आधी वरून मोकळं करा लागते."

बायका हसल्या. बुढी हसली नाही. ती म्हणाली, "याले एवढं कळते, तं यालेच करू दे."

गाव पाहत होतं. नामदेव आला, बायकोसमोर बसला. पदरावरूनच मान, मग खांदा, मग दंड, मग मनगट. घाई नाही. त्याचे कान लाल झाले होते, हात मात्र थांबले नाहीत. मग त्यानं कासाराला मानेनं खूण केली.

बांगडी गेली. मग दुसरी. आठही गेल्या.

सोनाबाई रडली नाही. उठली आणि म्हणाली, "जात्यावर कोन बसलं? सरका बरं."

लग्न पार पडलं. पाव्हणे गेले. त्यानंतर आठ दिवसांनी दवाखान्यासमोर बैलबंडी थांबली. बुढी उतरली. मागून काठी टेकत तिचा म्हातारा उतरला. वाटलं, हात पुन्हा सुजला.

"सोनाबाई बरी आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरी हाये."

"मग तुम्हाला सूज आली का, आजी?"

"नाई."

"कुठं दुखतं?"

"नाई दुखत."

तिनं म्हाताऱ्याला माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"याले शिकवा," म्हणाली.