सासूच्या वळणावरचा झेंडा

झेंडेकाकांना राग यायला फार काही लागायचं नाही. पेपरवाला उशिरा आला की राग, लवकर येऊन पेपर ओल्या पायरीवर टाकून गेला की त्याहून जास्त राग. पण टीव्हीवर आजकालच्या मोटारशर्यती लागल्या की त्यांच्या रागाला खरा ऊत यायचा. "ह्याला शर्यत म्हणतात? अरे, मिक्सर लावलाय की काय कुणी!" असं ओरडून ते रिमोट सोफ्यावर आपटायचे. स्वयंपाकघरातून काकू म्हणायच्या, "मिक्सर मीच लावलाय. तुमची शर्यत मघाशीच संपली."

नाव त्यांचं वेगळंच होतं, पण ते आता बँकेतसुद्धा कुणी घेत नसे. गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर त्यांनी ऐन तारुण्यापासून झेंडा धरला होता. एरवी गॅरेजात गाड्या रंगवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा डगला चढवून वळणावर उभं राहायचं. उजवा कान त्या आवाजात कायमचा गेला. कुणी विचारलंच तर सांगायचे, "तो कान ट्रॅकला देऊन टाकला. चांगल्या घरी पडला."

त्यांच्या वळणाला ड्रायव्हर लोक सासूचं वळण म्हणायचे. कसेही या, बोलणी ठरलेलीच! तिथे दोन भाऊ उभे राहायचे, थोरला दादा आणि धाकटे झेंडेकाका, पाठीला पाठ लावून. दादा येणाऱ्या गाड्यांकडे बघायचा आणि काका पुढे गेलेल्या गाड्यांकडे, म्हणजे पुढे कोण घसरलं तर लगेच पिवळा झेंडा दाखवता यावा. त्या गदारोळात ओरडून उपयोग नसायचा, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. म्हणून सगळ्या झेंडेवाल्यांची एकच भाषा होती, कोपर. मागच्याने कोपर मारलं की वळून बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. उडी मारायची.

एका शर्यतीत दादा गेला. एक गाडी वळणावर सुटली ती थेट त्याच्यावरच आली. दादाचा मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. आता पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, एका मुलीचा बाप झाला, तरी तो बारक्याच.

ह्या बारक्याला काकांनीच वाढवलं. बाप कसा होता म्हणून पोरगं विचारायचं, तेव्हा काका बाप कसा गेला ते कधी सांगायचे नाहीत. गाड्यांचं सांगायचे. जमीन कशी हलायची, छातीत धडधड कशी व्हायची, पेट्रोलचा वास घरी येऊन आंघोळ केली तरी कसा जायचा नाही. "हात लांब केला असता तर गाडी हाताला लागली असती, इतके जवळ उभे असायचो आम्ही, मी आणि तुझा बाप!" पोरगं डोळे मोठे करून ऐकायचं. काका आणखी रंगवायचे, रंगारीच ते.

तर हाच बारक्या मोठा होऊन त्याच ट्रॅकवर कार्यक्रम भरवणारा साहेब झाला, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "काका, जुन्या गाड्या बाहेर काढतोय. तोच आवाज, तोच धूर. 'ते दिवस' असं नाव ठेवलंय कार्यक्रमाला. सासूच्या वळणावर झेंडा तुम्हीच धरायचा."

काकांना रडूच फुटायचं बाकी होतं, पण ते रागावले. "आत्ता सांगतोस? डगल्याला कंबरेत वाव तरी उरलाय का बघावं लागेल!" काकूंनी डगला उसवून वाढवला. काका आरशासमोर झेंडा घेऊन दोनदा वळले आणि काकूंनी हसू नये म्हणून त्यांच्यावरच खेकसले.

कार्यक्रमाच्या दिवशी ते वळणावर पोचले आणि जागच्या जागी थबकले.

टायरची भिंत नव्हती.

दादा गेल्यावर सगळ्या चौक्यांवरच्या झेंडेवाल्यांनी झेंडे खाली ठेवले होते. ट्रॅकचा नियम असा, की प्रत्येक वळणावरून हिरवा झेंडा वर झाल्याशिवाय गाड्या सोडायच्याच नाहीत. वळण मोकळं आहे, पुढची जबाबदारी माझी, असा त्या झेंड्याचा अर्थ. तो कुणी उचलेना, तेव्हा कुठे मालकलोक वठणीवर आले आणि ह्या वळणावर जुन्या टायरांची जाड भिंत उभी राहिली. आज त्या जागी गवताचे चार गठ्ठे मांडले होते, एक सुतळी बांधली होती, आणि सुतळीला चिकटून माणसं मोबाईल वर धरून उभी होती.

एका गठ्ठ्यावर बारक्याची मुलगी पाय हलवत बसली होती. "आजोबा!" ती ओरडली. "मी सगळ्यात पुढे!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बारक्या! भिंत कुठाय?"

बारक्या हसत हसत आला. "काढली. जुन्या फोटोत कुठे होती भिंत? हुबेहूब तेव्हासारखं केलंय. आणि गाड्या काही जोरात नाहीत, काका, प्रदर्शन आहे नुसतं."

"जोरात नाहीत? त्या गाड्यांना हळू चालता येतं होय रे? कुणी शिकवलं त्यांना?"

तेवढ्यात भोंग्यावर जुना नावाजलेला शर्यतवीर बोलायला लागला. लोक त्याला वाघ म्हणायचे. आता वाघाच्या गुडघ्यात वाट्या बसवल्या होत्या, पण आवाज शाबूत होता. "तेव्हा जिगर लागायची! मरण समोर उभं असायचं, म्हणून जगण्यात मजा होती! आता काय, सगळं कापसात गुंडाळलेलं!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"मरण ह्याच्या समोर होतं?" काका भोंग्याकडे बघून कडाडले. "ह्याला लोखंडी गाडी होती, पट्टा होता, डोक्यावर शिरस्त्राण होतं. आमच्या हातात काय होतं? फडकं! मेल्या, तू मजेत जगलास ते आमच्या जिवावर!" आणि त्यांनी हिरवा झेंडा गुंडाळला, मांडीखाली घातला आणि चौकीच्या पायरीवर बसकण मारली.

बाकीच्या सगळ्या वळणांवर हिरवे झेंडे वर झाले. सासूचं वळण तेवढं राहिलं. लांबून इंजिनांची घरघर येत होती. बारक्याच्या हातातला वॉकीटॉकी कोकलायला लागला. लोकांनी आधी टाळ्या पिटल्या, मग हुर्यो सुरू केली. "ओ काका, झोपलात काय?" पाण्याची एक बाटली येऊन पायाशी पडली. काकांनी ती उचलून फेकणाऱ्याच्या दिशेने परत भिरकावली.

"काका, माझी लाज काढू नका," बारक्या दबक्या आवाजात म्हणाला. मग त्याचाही आवाज चढला. "आणि हे सगळं कुणाचं आहे? तुमचंच ना? हात लांब केला तर गाडी लागेल, हे कोण सांगायचं? जन्मभर टीव्हीपुढे बसून आजच्या शर्यतींना नावं कोण ठेवतं? मी तेच मांडलंय, तुमचं एकेक वाक्य! आता तुम्हीच घाबरता?"

काका उठले. राग अनावर झाला होता, पण तो नेमका कुणावर आहे ते त्यांचं त्यांनाच कळेना. "ये इकडे. उभा राहा. माझ्या पाठीला पाठ लाव."

"काका, लोक बघताहेत."

"बघू देत! लाव पाठ!"

लहानपणापासून ह्या आवाजाला तो घाबरत आला होता. साहेब असला तरी मुकाट्याने पाठ लावून उभा राहिला. काकांनी तोंड येणाऱ्या रस्त्याकडे केलं, आणि सगळी ताकद लावून बारक्याच्या बरगडीत कोपर हाणलं. बारक्या कळवळून चार पावलं पुढे जाऊन गठ्ठ्यावर आपटला. मुलगी आधी हसली आणि मग बापाचं तोंड बघून गप्प झाली.

"हे काय?" बारक्याने बरगडी धरली होती.

"तुझा बाप आहे तो," काका म्हणाले. "शेवटचं एवढंच बोलला माझ्याशी. इतक्या जोरात बोलला की मी चौकीच्या पलीकडे जाऊन पडलो. मी पालथा पडलो होतो, आणि मागे बघितलं तेव्हा दादा जागेवर नव्हता. मला ढकलायला जो वेळ गेला ना, तेवढाच त्याला उडी मारायला हवा होता. हे नाही सांगितलं मी तुला. आवाज सांगितला. आवाज सांगायला बरा असतो रे!"

बारक्या गठ्ठ्याला धरून उठला.

"कुठे सापडला विचार."

"काका..."

"तुझी पोर बसलीय तिथे."

बारक्याने एकदा वळून मुलीकडे पाहिलं. मग तिला बखोटीला धरून गठ्ठ्यावरून उचललं, इतक्या घाईने की तिची एक चप्पल तिथेच राहिली, आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "इंजिनं बंद करा. टायर परत आणा. हो, सगळे. आणि इथली माणसं वरच्या पायऱ्यांवर न्या. फोटो गेले खड्ड्यात!"

टायर रचून होईपर्यंत लोकांनी काकांचा यथेच्छ उद्धार केला. काकांनीही उधारी ठेवली नाही. मग भिंत उभी राहिली, काकांनी ती प्रत्येक ठिकाणी लाथ मारून तपासली आणि हिरवा झेंडा वर केला.

गाड्या आल्या. तोच आवाज, तीच पायाखाली हलणारी जमीन. काकांना भयंकर बरं वाटलं, आणि बरं वाटतंय ह्याचा भयंकर राग आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी धुरावर ढकललं. त्यांच्या पाठीला पाठ लावून पिवळा झेंडा धरून बारक्या उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

काहीसुद्धा झालं नाही. एक गाडी जराशी घसरली आणि आपली आपण सावरली. बाहेर पडताना एक गृहस्थ मुद्दाम आडवे आले. "काय हो, उगाच मजा घालवलीत. झालं का काही? काही म्हणजे काही झालं नाही!"

"नाही ना झालं?" काका त्यांच्या अंगावरच गेले. "मग घरी जा! जेवा, झोपा! काही होऊ नये म्हणूनच उभा होतो तिथे, मी आणि माझा भाऊ!" बारक्याने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

मुलगी बापाच्या खांद्यावरून एकसारखी कुरकुरत होती. वरून काही नीट दिसलं नाही, गाड्या एवढ्याशा दिसल्या, मधे ते घाणेरडे टायरच टायर, पुढच्या वेळी मी मुळीच येणार नाही. एरवी काका खेकसले असते. पण आज ते चालता चालता बारक्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि त्यांनी चांगला कान तिच्याकडे केला.