फुलपात्र वहिनीचं, हात माझा

माझ्या वहिनीनं दादाला चोरून दारू पाजली आणि त्याची शपथ मोडली, असं आमच्या गावात पन्नासहून अधिक वर्षं बोललं जातं. ते खोटं आहे. पाजली मी. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नघरी जात्यावर हळद दळताना एक म्हातारी वहिनीच्या नातीला हसत म्हणाली, “तुझी आज्जी तर नवऱ्याला वाटीनं भरवायची गं!” पोरगी जातं सोडून उठून गेली. मी ओसरीवर बसून होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

लढाई संपल्यावर दादा पलटणीतून घरी आला. तिकडं संध्याकाळी मिळणाऱ्या दारूची सवय लागली होती. गावात ती सकाळीही लागू लागली. त्याच सुमारास आम्ही तरुणांनी गावात दारूबंदी मंडळ काढलं होतं. मी सातवी पास, त्यामुळं चिटणीस. ओढ्याकाठच्या भट्ट्या आम्ही फोडल्या. पुरावा म्हणून दारूचं एक मडकं महादेवाच्या देवळामागच्या कोठीत ठेवलं होतं. रविवारच्या बाजारात ते सगळ्यांसमोर ओतायचं होतं. कोठीची किल्ली माझ्या करगोट्याला असे.

आमची पद्धत एकच. पिणाऱ्याला देवळात उभा करायचा आणि बेलभंडार उचलायला लावायचा. शपथ मोडली तर त्या घराला पंगतीत जागा नाही आणि घरच्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. हा नियम मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिला होता. नवरा प्याला तर बायकोचं कुंकू का अडवायचं, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही.

एका सोमवारी मी माझ्या सख्ख्या भावाला देवळात नेलं. त्यानं बेल आणि भंडार हातात घेतला.

“कवापतुर म्हणायचं?” त्यानं विचारलं.

“मरेपर्यंत,” मी म्हणालो.

“आरं, उद्यापतुर म्हण की! मरायला लय येळ हाय.”

सगळे हसले. मी हसलो नाही. मरेपर्यंतच म्हणायला लावलं, आणि मोह नको म्हणून घरी आणून त्याला कडब्याच्या खोलीत कोंडला.

बुधवारी सकाळी वहिनी नदीवर पाण्याला गेली होती. मी भाकरी घेऊन आत गेलो. दादाच्या हातात भाकरी ठरेना. सगळं अंग थरथरत होतं, घामानं सदरा भिजला होता. तो माझ्या खांद्यावरून नसलेल्या मुंग्या वेचू लागला. “गड्या, हलू नगं. लय चढल्यात.” मला तो पलटणीतला कुणी सोबती समजत होता. माझी भीतीनं गाळण उडाली. वहिनीच्या फळीवरचं पितळी फुलपात्र उचललं, कोठी उघडली आणि मडक्यातली दारू त्यात भरून आणली. दादानं दोन्ही हातांनी धरून ती घेतली. थोड्या वेळानं थरथर कमी झाली आणि तो झोपला. मी मडक्यात तेवढंच पाणी ओतून ठेवलं. फुलपात्र मात्र त्याच्या उशाशीच राहिलं.

दुपारी मंडळाचे पंच त्याला बघायला आले. एकानं फुलपात्र उचलून नाकाशी धरलं.

“हे कुणाचं?”

वहिनी दारात उभी होती. कोठीची किल्ली कुणाकडं असते, हे तिला माहीत होतं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो.

“भांडं माझंच हाय,” ती म्हणाली.

तिनं एवढंच सांगितलं. बाकीचं गावानं जोडून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घराचं हळदीकुंकू बंद झालं. नियमाच्या वहीत तिचं नाव मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बैलगाडी जुंपून आम्ही दादाला सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी त्याला तपासलं, सगळी हकीकत विचारून घेतली आणि ते आमच्यावरच चिडले. “इतकी वर्षं पिणाऱ्याची एकदम तोडून त्याला कोंडता? असा माणूस हातचा जातो. हळूहळू कमी करायची. जवळ बसा, वेळेवर खायला घाला, चारचौघांत त्याची लाज काढू नका. काल कुणी दिली?”

“घरातल्यांनीच,” वहिनी म्हणाली.

“ज्यानं दिली त्यानं बहुतेक जीव वाचवला.”

त्या क्षणी मी बोलू शकलो असतो. दारू दिल्याचं पापसुद्धा आता पाप राहिलं नव्हतं. पण चिटणीसानं कोठीतली दारू काढली, हे गावात कोणत्या तोंडानं सांगायचं? परतीच्या वाटेवर मी बैलांच्या शेपट्यांकडं बघत बसलो. माझा खरा गुन्हा तो आहे.

महिनाभरात वहिनी दादाला आणि दोन्ही मुलींना घेऊन आटपाडीकडं माहेरी गेली. वर्षभरानं मी तिकडं गेलो तेव्हा तिची पद्धत बघितली. दिवेलागणीला दादाचा जीव कासावीस व्हायचा. नेमकं त्याच वेळी ती दोर वळायला घायपाताच्या धाग्यांचा वाख काढायची. दोर वळायला दोन माणसं लागतात. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. तो सोडून उठला की पीळ उलगडायचा.

“आवं, आज न्हाई न्हवं?” ती विचारायची.

“आज न्हाई.”

उद्याचं ती विचारतच नसे. अधूनमधून तो घसरायचा, पिऊन यायचा. ती भांडत नसे, रडतही नसे. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा टोक त्याच्या हातात द्यायची. अशी तीन-चार वर्षं गेली, आणि मग त्याची सुटली.

त्या भेटीत निघताना मी तिला विचारलं, “वैनी, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही?”

“भाऊजी, ते तुमी घ्यायचं हुतं,” ती म्हणाली आणि माझ्या शिदोरीची गाठ मारू लागली.

मी ते घेतलं नाही. पुढं तिच्या थोरल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. ‘आईच बापाला पाजते’ हे आमच्याच गावातून मुलाकडच्यांपर्यंत पोचलं होतं. मला ते त्याच आठवड्यात कळलं.

परवा सोमवारी मी महादेवाच्या देवळात आरतीनंतर उभा राहिलो आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, “आजोबा, बेलभंडार उचलून सांगा.” मी नाही म्हटलं. शपथा मी पुष्कळ घ्यायला लावल्या आहेत.

माझी थोरली पुतणी, जिचं लग्न मोडलं होतं ती, गावी आली होती आणि खांबाला टेकून बसली होती. पुढं तिचं लग्न झालं, पण दोन मुलांच्या बापाशी, दूर जतला. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. मी पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला.

“काका, माझ्या लग्नाच्या आदी बोलायचं हुतं.”

“व्हय,” मी म्हणालो.

आम्ही चावडीपर्यंत तसेच चालत आलो. मग ती म्हणाली, “उद्या परत सांगा. आज निम्मी माणसं जेवायला गेली हुती.”